युद्धकाळातील आद्य भारतीय वैमानिक आणि महाविद्यालयीन युवक : मुंबई उपनगराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विलेपार्ले, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर या भागांतील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाला एक सवय नकळत जडते. डोक्यावरून विमान जात असताना तो वाक्याच्या मध्येच थांबतो आणि आवाज ओसरला की पुढचा शब्द उच्चारतो. विद्यार्थ्यांनाही त्यात काही वेगळे वाटत नाही. विमान हा उपनगरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने रोजच्या गोंगाटाचा भाग आहे. ज्या धावपट्टीवर ते उतरते तेथे १९३० च्या दशकात व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता, तेथून पश्चिमेला हाकेच्या अंतरावर असलेल्या जुहूच्या मैदानावर भारतातील नागरी विमानवाहतूक बाळसे धरत होती, आणि या शहरात जन्मलेला एक तरुण पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आकाशात लढून मरण पावला, या गोष्टी मात्र त्याच्या कानावर क्वचितच पडतात.

युवकांना प्रेरणा मिळावी म्हणून महाविद्यालयांत व्याख्याने होतात, युवा दिन, कारगिल विजय दिन साजरे होतात. त्यांतून सांगितल्या जाणाऱ्या वीरकथांचा साचा बहुधा ठरलेला असतो : जन्म, पराक्रम, पदक, टाळ्या. प्रस्तुत लेखात युद्धकाळातील काही आद्य भारतीय वैमानिकांच्या चरित्रांचा परामर्श घेतला असून, या कथांतील प्रेरक अंश नेमका कोठे आहे आणि त्या वर्गात कशा सांगितल्या जाव्यात, याचा विचार केला आहे.

वेलिणकर : मुंबईचा विस्मृत वैमानिक

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे १ एप्रिल १९१८ पासून रॉयल एअर फोर्स या नावाने ओळखल्या गेलेल्या दलात, वैमानिक म्हणून प्रत्यक्ष आघाडीवर लढलेले भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांपैकी चार नावे प्रामुख्याने घेतली जातात : हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि श्री कृष्ण चंदा वेलिणकर. पैकी वेलिणकर हे मुंबईचे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे मधले नाव कोठे ‘चंदा’ तर कोठे ‘चंदर’ असे आढळते आणि आडनावाचे आद्याक्षरही इंग्रजांच्या कानाला रुचेल तसे लिहिलेले दिसते. आडनाव गोव्यातील वेलिंग गावाकडे बोट दाखवते. मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि तरीही मराठी शालेय किंवा महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून हे नाव सहसा भेटत नाही.

वेलिणकर तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये होते आणि ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे एका आसनाचे लढाऊ विमान चालवीत. या विमानाची रचना समजून घेतली की त्या काळातील उड्डाण म्हणजे काय होते याची कल्पना येते. डॉल्फिनला दोन पंख एकावर एक असत; वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला असे आणि त्याच्या मधल्या उघड्या चौकटीतून वैमानिकाचे डोके वर निघालेले असे. त्यामुळे त्याला वर आणि आजूबाजूला उत्तम दिसे. परंतु उतरताना विमान उलटले तर सर्वांत आधी जमिनीवर आपटणार ते त्याचेच डोके, ही भीती हे विमान चालविणाऱ्यांना सुरुवातीला सतत वाटत असे. आसन उघडे, उंचीवर हाडे गोठविणारी थंडी, समोर दोन मशीनगन. आणि हवाई छत्री नाही. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात शेवटपर्यंत हवाई छत्री दिली गेली नाही. विमानाने पेट घेतला तर जळणे किंवा उडी मारणे एवढाच पर्याय उरे.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परत आले नाहीत. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते. तीन दिवसांनी, ३० जून रोजी, त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानभूमीत त्यांची कबर आहे. युद्ध संपायला तेव्हा साडेचार महिनेही उरले नव्हते.

बंद दारे आणि त्यांवरील थापा

या चौघांच्या कथांत पराक्रमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक लक्षणीय असा एक समान धागा आहे. त्यांना लढू द्यायलाच व्यवस्था तयार नव्हती. १९१७ पर्यंत भूसेनेत भारतीय माणसाला ‘राजाचे कमिशन’, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बरोबरीचा दर्जा, वैद्यकीय सेवा वगळता जवळजवळ अप्राप्य होता. लाखो भारतीय शिपाई फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढत होते. पण हुकूम सोडणारा भारतीय असू शकतो ही कल्पनाच साम्राज्याला पचणारी नव्हती.

हरदित सिंग मलिक यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रावळपिंडीचा हा तरुण ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात शिकत होता. बरोबरीचे इंग्रज विद्यार्थी सैन्यात अधिकारी झाले. याला दार बंद. अखेर तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला फ्रान्सला गेला. फ्रेंच हवाई दल आपल्याला घेण्यास तयार आहे, असे त्याने आपल्या शिक्षकांना कळविले. त्यांचे नाव फ्रान्सिस अर्कहार्ट. फ्रान्स ज्याला घेण्यास तयार आहे त्याला ब्रिटनने नाकारावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, अशा आशयाचे पत्र या शिक्षकाने जनरल हेंडरसन यांना लिहिले आणि एप्रिल १९१७ मध्ये मलिक यांना कमिशन मिळाले. पुढे पगडी उतरविण्यास नकार देऊन, तिच्यावर बसेल असे खास मोठे शिरस्त्राण बनवून घेऊन त्यांनी ‘सॉपविथ कॅमल’ विमान चालविले. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, विमानाची चाळण झाली, तरी ते बचावले. स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत म्हणून त्यांनी काम केले आणि १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. प्राध्यापकवर्गाने या कथेतील एक पात्र विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, आणि ते मलिक नव्हे. विद्यार्थ्यासाठी योग्य माणसाला योग्य वेळी पत्र लिहिणारा तो शिक्षक होय.

कोलकात्याचे इंद्रलाल रॉय यांना दृष्टिदोषाच्या कारणावरून प्रथम नाकारण्यात आले होते. त्यांनी आपली मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली, असे सांगितले जाते. प्रशिक्षणानंतर एका अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि उड्डाणासाठी अपात्र ठरले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी विमानांची रेखाचित्रे काढली आणि पुन्हा आकाशात जाऊ द्यावे म्हणून वरिष्ठांचा पिच्छा पुरविला. जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलै रोजी ते मारले गेले. वय होते एकोणीस. म्हणजे आपल्याकडे द्वितीय वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचे. मरणोत्तर मिळालेला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा सन्मान प्राप्त करणारे ते पहिले भारतीय होत. चौथे वैमानिक सेन सप्टेंबर १९१७ मध्ये युद्धकैदी झाले.

जून १९१८ : एकाच महिन्यातील दोन प्रसंग

या कथा सांगताना एक अडचण उभी राहते आणि ती टाळण्यात अर्थ नाही. वेलिणकर लढले ते कोणासाठी? ज्या साम्राज्याविरुद्ध देश उभा राहत होता त्याच साम्राज्याच्या गणवेशात ते मरण पावले. चाणाक्ष विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच, आणि विचारला नाही तर प्राध्यापकाने तो विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याच महिन्यात मुंबईत काय घडत होते हे पाहणे उद्बोधक ठरते. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्रांतिक युद्धपरिषद भरली होती. लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले. युद्धात सहकार्य करण्यास त्यांची ना नव्हती. मात्र सहकार्य हवे असेल तर भारतीयांना राजकीय हक्क द्या, ही त्यांची भूमिका होती. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच अडविले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी सैन्यभरतीसाठी गांधीजी खेडा जिल्ह्यात पायपीट करीत होते. भारतीयांना अधिकारपदे मिळण्याची हमी सरकारकडून मिळवून द्या, महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, असे टिळकांनी त्यांना कळविले होते आणि वचनाची खूण म्हणून पन्नास हजार रुपयांचा धनादेशही पाठविला होता.

म्हणजे ज्या अधिकारपदासाठी टिळक मुंबईत भांडत होते, त्या प्रकारच्या पदावर मुंबईचाच एक तरुण त्या वेळी फ्रान्समध्ये विमान चालवीत होता; आणि टिळक सभा सोडून गेल्यानंतर सतराव्या दिवशी तो गस्तीवरून परतला नाही. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. तसा तो जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. परंतु भारतीय माणूस बरोबरीच्या नात्याने जबाबदारी पेलू शकतो की नाही, हा एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी उभा होता. एके ठिकाणी तो शब्दांनी मांडला जात होता आणि दुसरीकडे कृतीने. वेलिणकरांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांना देशभक्त किंवा साम्राज्यनिष्ठ असे लेबल लावणे हा दोन्ही बाजूंनी अन्यायच होईल.

दुसरे महायुद्ध आणि उपनगरातील धावपट्ट्या

युद्धानंतर स्कीन समितीच्या शिफारशींमुळे भारतीय तरुणांना क्रॅनवेल येथील हवाई प्रबोधिनीची दारे उघडली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची अधिकृत स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार ‘वापिती’ विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. दलाच्या स्थापनेनंतर एकाच आठवड्याने, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका छोट्या ‘पस मॉथ’ विमानाने जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. हे व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलात लढाऊ सेवा केलेले वैमानिक. टाटांच्या विमानसेवेची मूळ कल्पना त्यांची. १९४२ मध्ये इंग्लंडहून भारताकडे परतताना त्यांचे विमान नाहीसे झाले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि सारा संसार पुण्याला हलवावा लागे, ही हकिकत उपनगरवासीयांना आजही पटण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांची मुख्य रणभूमी होती ब्रह्मदेश. फेब्रुवारी १९४२ मध्ये पहिली स्क्वॉड्रन ‘लायसँडर’ विमाने घेऊन टाँगू येथे दाखल झाली. लायसँडर हे मुळात टेहळणीचे, संथ विमान. जपान्यांनी तळावर बॉम्बहल्ला केल्यावर स्क्वॉड्रनचे प्रमुख के. के. मजुमदार यांनी त्याच टेहळणी विमानाला बॉम्ब लटकवून शत्रूच्या धावपट्टीवर हल्ला चढविला. साधने अपुरी म्हणून रडत न बसण्याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र अपुरी साधने देणाऱ्या व्यवस्थेचा दोष अशा कथांच्या आड लपू नये. प्रयोगशाळेत उपकरणे नसताना विद्यार्थ्यांना लायसँडरची गोष्ट सांगणे सोपे असते!

मुंबईत १९२० साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये हवाई दलात दाखल झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. १९७६ ते १९७८ या काळात ते भारताचे हवाई दलप्रमुख होते. ‘लीडिंग फ्रॉम द कॉकपिट’ हे त्यांचे आत्मकथन इंग्रजीत उपलब्ध असून, वर्गात वापरण्याजोगे ते प्रथमदर्शी साधन आहे.

याच युद्धात दुसऱ्या बाजूलाही भारतीय तरुण होते. रंगूनमध्ये जन्मलेले रमेश सखाराम बेनेगल आझाद हिंद सेनेने जपानला लष्करी प्रशिक्षणासाठी पाठविलेल्या तरुणांपैकी एक. युद्ध संपले, ते भारतात आले आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलात वैमानिक झाले. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या प्रदेशावर जाऊन छायाचित्रे टिपण्याच्या जोखमीच्या कामगिरीबद्दल त्यांनाही महावीरचक्र देण्यात आले. १९४४ साली परस्परविरोधी छावण्यांत असलेले हे दोन तरुण अखेरीस एकाच दलाचे, एकाच पदकाचे मानकरी ठरले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी उठाव केला तेव्हा मुंबईतील हवाई दलाच्या छावण्यांतील जवानांनीही काम बंद ठेवून त्यांना पाठिंबा दिला होता, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. गणवेश आणि निष्ठा यांचे नाते किती गुंतागुंतीचे होते हे यावरून स्पष्ट व्हावे.

वर्गातील उपयोजन : काही अनुभवसिद्ध मर्यादा

मुंबईत वैमानिकांचा विषय काढला की विद्यार्थी प्रथम शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतात. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, ही कथा समाजमाध्यमांतून आणि २०१५ च्या एका हिंदी चित्रपटातून घरोघरी पोहोचली आहे. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. ज्या विद्यार्थ्यांना तळपदे ठाऊक आहेत त्यांना वेलिणकर ठाऊक नसतात. ज्याची कबर, तुकडी, विमान आणि मृत्यूची तारीख नोंदलेली आहे तो विस्मरणात आणि ज्याचे उड्डाण सिद्ध नाही तो स्मरणात, ही स्थिती इतिहासाच्या अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे. तळपदे यांच्या जिज्ञासेचा उपहास करण्याचे कारण नाही. पण प्रेरणेसाठी असत्याचा आधार घ्यावा लागत असेल तर ती प्रेरणा पहिल्याच प्रश्नासरशी कोसळते.

दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. उपनगरातील महाविद्यालयांत वाणिज्य शाखेची विद्यार्थिसंख्या मोठी असते. भारावलेला वाणिज्य पदवीधर वक्त्याच्या भाषणानंतर ‘मलाही वैमानिक व्हायचे आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला काय सांगायचे? हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय असावे लागतात. ‘एएफकॅट’ परीक्षेतून उड्डाण शाखेसाठी वयोमर्यादा साधारणतः २० ते २४ वर्षे आहे. म्हणजे हा निर्णय दहावीनंतरच, अनेकदा नकळत, घेतला गेलेला असतो. व्याख्यात्याने ही गोष्ट सांगितली नाही तर उत्साहाचे रूपांतर वर्षभरात वैफल्यात होते. याउलट, लेखा, प्रशासन, पुरवठा अशा जमिनीवरील बिनतांत्रिक शाखांसाठी अन्य शाखांचे पदवीधरही आवश्यक गुण असल्यास अर्ज करू शकतात, ही माहिती वेळेवर मिळाली तर एखाद्याची दिशा बदलू शकते. म्हणून असा कार्यक्रम कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी, तोही अकरावीच्या प्रवेशापूर्वी दहावीच्या पालकांना बोलावून घेणे अधिक इष्ट. विद्यार्थिनींच्या बाबतीत तर चित्र पुष्कळच पालटले आहे. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या पहिल्या तीन लढाऊ वैमानिक महिला दलात दाखल झाल्या, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिसरी बाब मृत्यूविषयीची. वर सांगितलेल्या चौघांपैकी दोघे एका महिन्याच्या आत मरण पावले. मजुमदार फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोर येथील हवाई कसरतींत विमान कोसळून मृत्युमुखी पडले, शत्रूच्या गोळीने नव्हे. हे सारे झाकून केवळ विजयांची संख्या सांगणे ही वयाच्या अठराव्या वर्षी बसलेल्या श्रोत्याची दिशाभूल आहे. हवाई छत्री नसलेल्या विमानात बसणारा माणूस घाबरत नसे असे नाही, आणि त्याची भीती सांगितल्याने त्याचे शौर्य उणावत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतील छात्रांशी बोलताना तर हे अधिकच जरुरीचे आहे, कारण त्यांच्यापैकी काही जण खरोखरच त्या वाटेने जाणार असतात.

प्रत्यक्ष उपक्रमासाठी फार खर्चाची गरज नाही. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची कबरींची सूची सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना वेलिणकरांचे नाव केवळ मराठीतून सांगावे आणि ते सूचीत शोधावयास लावावे. ‘व्ही’ या अक्षराने शोधणाऱ्यांना ते सापडत नाही. ‘डब्ल्यू’ने शोधणाऱ्यांना सापडते. नोंद कशी झाली आणि कोणी केली यावर माणसाचे स्मरण किती अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना तेथे आपोआप कळते. त्यानंतर फळ्यावर १० जून ते ३० जून १९१८ अशी एकवीस दिवसांची पट्टी आखून, वर टिळक आणि मुंबई, खाली वेलिणकर आणि फ्रान्स, असे तपशील विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावेत. मधले बरेचसे चौकोन रिकामे राहतील. ते कशाने भरता येतील, कोणती वृत्तपत्रे, कोणते दप्तर, कोणते ग्रंथालय धुंडाळावे लागेल, याची यादी करणे हा पुढील तासाचा गृहपाठ होय.